‘गॅस गेलाय’ म्हणायला शिका : होतकरू एसी-फ्रीज मेस्त्रींसाठी

भावा, आधी अभिनंदन. पाडवा झाला, कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्यांत आउटडोअर घुमायला लागले आणि तू ठरवलंस, आपणही एसी-फ्रीजच्या लाईनीत उतरायचं. आई म्हणाली असेल, ‘कळंब्याच्या आयटीआयला जा, दोन वर्षं नीट शीक.’ आईचं चुकत नाही. तिथं या कामाचा रीतसर ट्रेड आहे. बिघाड शोधायचा क्रमही या विद्येत ठरलेला आहे: आधी वीज, मग हवा, सगळ्यात शेवटी गॅस. अडचण एवढीच, की या क्रमानं गेलास तर बरीचशी कामं पहिल्या दोन पायऱ्यांवरच मिटतात आणि तू व्हिजिटचे तीनशे रुपये खिशात घालून जिना उतरतोस. तीनशेत दोघा-तिघांची मिसळ होते, संसार होत नाही.

म्हणून हे मार्गदर्शन. क्रम तोच, फक्त खालून वर.

१. चपला काढतानाच निदान सांग.

मशीन बघायच्या आधी. दार उघडलं की मान जरा तिरकी कर, आतला आवाज कानात घेतल्यासारखं कर आणि म्हण, ‘गॅस गेलाय, काकू.’ मशीन बंद असलं तरी हरकत नाही. बंद मशीनचा आवाज ऐकू येणारा मेस्त्री म्हणजे मोठाच मेस्त्री.

या दोन शब्दांची सोय आपल्या भाषेनंच करून ठेवलेली आहे. स्वयंपाकघरातला १४.२ किलोचा सिलिंडर महिना-दीड महिन्यात संपतो, हे काकूंना पाठ असतं. मग बेडरूममधला गॅस वर्षाकाठी संपला तर त्यात नवल ते काय? पोटातला तेवढा कधी संपत नाही, पण तो आपला विषय नाही.

खरं सांगायचं तर एसीतला गॅस जळतही नाही आणि खर्चही होत नाही. तांब्याच्या बंद नळीत तो गोल गोल फिरतो. खोलीतली उष्णता उचलायची, बाहेर नेऊन टाकायची, परत आत यायचं. नळी कुठं गळत नसेल तर वीस वर्षांनीही तो तेवढाच असतो. याचा पुरावा काकूंच्याच घरात उभा आहे: त्यांच्या लग्नात आलेला एकदारी फ्रीज. पोरीचं लग्न झालं, नातू रांगायला लागला, त्यात थेंबभर गॅस कुणी भरलेला नाही. बोलताना त्या फ्रीजकडं पाठ करून उभा राहा.

२. सिलिंडर खांद्यावरून ने. लिफ्ट असली तरी जिन्यानं.

या धंद्यात शोधण्याचे पैसे कुणी देत नाही, घामाचे देतात. मी हे माझ्या उस्तादांच्या नुकसानीतून शिकलो. उद्यमनगरात, जुने नामी कारागीर म्हादबा मेस्त्री यांचं नाव अजून आदरानं घेतात त्या वातावरणात तयार झालेला माणूस. कॉम्प्रेसरवर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. चहा मागवायचा. मशीन एकदा चालू होऊन एकदा बंद होईपर्यंत बोटसुद्धा हलवायचा नाही. मग उठून टर्मिनलचा एक स्क्रू अर्धा आटा आवळायचा, झालं. ढिल्या जोडातून वायर तापायची, मशीन बंद पडायचं, एवढंच असायचं ते. पैसे म्हटलं की मालक म्हणायचा, ‘केलं काय तुम्ही? स्क्रू तर पिळला. चहा आमचाच प्यालात.’

पंधरा वर्षं हे ऐकून एका मे महिन्यात उस्तादांनी एक रिकामा सिलिंडर घेतला. काम तेच: कान, चहा, स्क्रू. फक्त सिलिंडर वर न्यायचा, नळी जोडल्यासारखी करायची, दहा मिनिटं बसायचं आणि खाली आणायचा. लोक दोन हजार हसत द्यायला लागले, वर ‘सावकाश उतरा, मेस्त्री’ असं सांगायला लागले. तू भरलेला नेणार असशील तर ने बाबा, पण तिसरा मजला आहे, कमरेचा विचार कर.

३. गेज लाव आणि काकांना काटा दाखव.

निवृत्त काका जवळ येतातच. त्यांना चष्मा लावायला वेळ दे. मग विचार, ‘किती दाखवतोय, काका?’ ते ‘पासष्ट’ म्हणतील. तू नुसता सुस्कारा सोड.

दोन आकडे पाठ कर. जुन्या आर-२२ च्या मशीनला चालू असताना मोठ्या नळीवर ६०-७० पीएसआय असला की तब्येत ठणठणीत. नव्या आर-३२ ला तोच काटा १२० च्या आसपास लागतो. आता समोरचं मशीन आर-२२ चं असेल आणि काटा ६५ वर असेल, तर आकडा १२० चा सांग. काकांनी आयुष्यभर ऑफिसात बॅलन्स शीट जुळवलेलं असतं. ५५ ची तूट डोळ्यांनी बघितल्यावर ते स्वतःच म्हणतात, ‘भरून टाका.’

यात निसर्गाचीही तुझ्यावर कृपा आहे. आतली जाळी धुळीनं तुंबली की कॉइलवरून हवा जात नाही, कॉइल गारठते, तिच्यावर बर्फ चढतो आणि काटा आपोआप खाली येतो. म्हणजे जाळी घाण आणि गॅस कमी, ही दोन्ही दुखणी काट्यावर सारखीच दिसतात. फरक ओळखायचा तर जाळी धुऊन, बर्फ वितळू देऊन पुन्हा बघावं लागतं. एवढा वेळ कुणाला आहे?

अशा मशीनमध्ये वरून गॅस ओतला तर तो जास्त होतो, कधी ओलाच कॉम्प्रेसरात शिरतो आणि कॉम्प्रेसर बसतो. घाबरू नकोस. कॉम्प्रेसरचं काम मोठं असतं.

४. वजनकाटा आणि व्हॅक्युम पंप दोन्ही विकत घे.

गाडीला पुढं बांध, लोकांना दिसू देत. वापरू मात्र नकोस.

आउटडोअरच्या पाटीवर कंपनीनं किती ग्रॅम गॅस भरायचा ते छापलेलं असतं. घरगुती मशीनला साधारण किलोच्या आतबाहेर. फ्रीजच्या आर-६००ए ला तर शंभर ग्रॅमही लागत नाही. असला गॅस ग्रॅमवर तोलून भरायचा असतो. पण तोलणं हे लक्ष्मीपुरीतल्या धान्यवाल्यांचं काम. तू हातानं नळी चाचपून भर. नळी गार लागली की ‘झालं’ म्हण.

व्हॅक्युमचंही तसंच. नळीतली हवा आणि दमटपणा ओढून काढायला पंप अर्धा तास तरी चालवावा लागतो. नाही चालवला तर आत राहिलेलं पाणी कॅपिलरीच्या केसाएवढ्या भोकात गोठतं आणि वाट अडवतं. मशीन तासभर गार करतं, मग नाही, मग परत करतं. हा बिघाड इतका लहरी असतो की गिऱ्हाईक तुला दर आठवड्याला बोलावतं. ओळख वाढते. पुढं पोरांच्या बारशाला बोलावणं येतं.

फ्रीजच्या बाबतीत एक सावधगिरी. वर म्हटलेला आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा चुलतभाऊ. म्हणजे काकूंची समजूत इथं निम्मी तरी खरी ठरते. तो नळीत असताना डाग द्यायला टॉर्च पेटवू नकोस. भुवया परत येतात म्हणे, पण लग्नाच्या वयात थांबवत नाही.

५. गळती शोधू नकोस.

शोधलीस तर सापडते. नळीत कोरड्या नायट्रोजनचा दाब भरायचा, डब्यात साबणाचा दाट फेस करायचा आणि ब्रशनं प्रत्येक जोडावर थापायचा. मग नुसतं बघत बसायचं. पहिली दोन-तीन मिनिटं काही होत नाही. मग फ्लेअर नटाच्या कडेला मोहरीएवढा एक बुडबुडा येतो, वाटाण्याएवढा होतो, फुटतो. त्याच जागी दुसरा. त्या क्षणी जो आनंद होतो तो मी तुला सांगणार नाही, नाहीतर तुला नाद लागेल. नाद लागलेले मेस्त्री पुढं मोठे होत नाहीत. त्यांनी नट आवळला, पुन्हा डाग दिला, की ते मशीन दहा वर्षं त्यांना फोन करत नाही.

फ्रीजरमधला बर्फ सुरीनं खरवडणाऱ्या घरांचं तसं नाही. तिथं सुरी ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून आरपार जाते, ‘फुस्स’ आवाज होतो आणि गॅस खरोखरच जातो. अशा घरी गेलास तर गोंधळून जाऊ नकोस. आयुष्यात एखाद्या वेळी निदान बरोबर निघायचंच.

६. कपॅसिटर सापडला तर खिशात टाक.

आउटडोअरचं झाकण काढलंस की पत्र्याचा एक लहान डबा दिसेल. त्याचं डोकं सपाट पाहिजे. ते टम्म फुगलेल्या भाकरीसारखं वर आलं असेल तर तुझं नशीब फळफळलं. अशा मशीनचा कॉम्प्रेसर ‘घूंऽऽ’ करतो, कटकन् बंद पडतो, थोड्या वेळानं परत ‘घूंऽऽ’. आतलं सगळं धडधाकट असतं. सुरुवातीचा धक्का देणारा डबा तेवढा गेलेला असतो. दोन-चारशे रुपयांत नवा मिळतो आणि दहा मिनिटांत बसतो.

ही माहिती तुझ्या-माझ्यात राहू दे. काकांना म्हण, ‘कॉम्प्रेसर शेवटच्या घटका मोजतोय, बघतो वाचला तर.’ मग झाकणाआड डबा बदल. मशीन सुरू झालं की एकदम बाजूला हो, घाम पूस, आकाशाकडं बघ. हात लावायच्या आधी जुना डबा डिस्चार्ज मात्र कर. तो वीज धरून ठेवतो आणि आपल्या थापा त्याला ऐकू येत नाहीत.

७. जाळी धू. कुणाला सांगू नकोस.

८. इन्व्हर्टर एसीपुढं नम्र राहा, पण पीसीबी बदल.

ही मशीनं स्वतःचं दुखणं स्वतः सांगतात. पडद्यावर ‘ई-फोर’, ‘एफ-थ्री’ असं काहीतरी उमटतं आणि त्याचा अर्थ प्रत्येक कंपनीत वेगळा. पुस्तिका सोबतच येते. काकूंनी ती रद्दीत घातलेली असते. कोड कुठलाही असो, तू ‘पीसीबी’ म्हण. ‘गॅस’चं वय झालं, नव्या पिढीला ‘पीसीबी’ पटतं.

ताराबाई पार्कात एका बंगल्यात मी गेलो तर आधीच्याच्या कोटेशनात कार्ड, सेन्सर आणि पंख्याची मोटर असं सगळं होतं. झाकण काढलं. दोन टर्मिनलच्या मध्ये एक पाल आडवी झालेली, पापडासारखी कोरडी, शेपटी एका फेजवर आणि पुढचा एक पाय दुसऱ्यावर. चिमट्यानं काढली, कार्बन खरवडला, कनेक्टर साफ केला. मशीन सुरू. मालक बघतच होते, त्यामुळं मला काही करता आलं नाही. म्हणून सांगतो, पाल निघाली तर आधी खिशात आणि मग ‘शॉर्ट सर्किट’ हा शब्द तोंडात. पालीचं बिल होत नाही.

९. टनाचा अर्थ सांगत बसू नकोस.

आपल्याकडं ऊस टनावर जातो, त्यामुळं दीड टनाचा एसी म्हणजे दीड टन वजनाचा, अशी समजूत असली तर असू दे. एक टन म्हणजे एक टन बर्फ चोवीस तासांत वितळवायला लागेल तेवढी उष्णता ओढणं, तासाला १२,००० बीटीयू. हे समजावायला अर्धा तास जातो. उसाच्या आणि एसीच्या टनात साम्य एकच: काटा दोन्हीकडं मारता येतो. खोली पश्चिमेची, वर गच्ची, भिंत तापलेली आणि आत सात माणसं टीव्ही बघत बसलेली. अशा घरी एक टनाचं मशीन दिवसभर धापा टाकतं. तिथं दोष मशीनचा नसतो. पण सात जणांना ‘उठा’ म्हणण्यापेक्षा मशीनला नावं ठेवणं सोपं.

तसंच १६ अंशांचं. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या घरगुती एसीत कंपनीनं सुरुवातीचं तापमान २४ लावून द्यायचं, असा सरकारी नियम आहे. गिऱ्हाईक पहिलं काम करतं ते १६ करायचं. १६ केल्यानं खोली लवकर गार होत नाही, मशीन थांबत तेवढं नाही. तू ‘१६ च ठेवा’ असं सांग. मशीन लवकर थकेल, तुझा नंबर त्यांच्याकडं आहेच.

१०. खेड्यातल्या दूध संस्थेचा फोन घेऊ नकोस.

ज्या शहरात लोक गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून घेतात आणि उभ्याउभ्या पितात, तिथं दुधाला थंडाव्याची गरज नाही, असं तुला वाटेल. पण बाकीचं दूध लांब जातं. त्यासाठी गावोगावच्या संस्थांत बल्क कूलर असतात आणि दूध ४ अंशांवर आणायचं असतं.

मी एकदा गेलो. करवीर तालुक्यातलं गाव, नाव राहू दे. रात्रीचे आठ, संध्याकाळचं दूध टाकीत ओतून झालेलं आणि मशीन दर दहा मिनिटांनी कट मारतंय. चेअरमन, सेक्रेटरी आणि ज्यांच्या दावणीला एकेक म्हैस आहे असे पन्नास-साठ जण गोल करून उभे. मी सवयीनं म्हणालो, ‘गॅस गेलाय.’

सेक्रेटरी म्हणाले, ‘मग कवा येणार त्यो?’

हसलं कुणीच नाही. मी म्हणालो, उद्या सकाळी आणतो. मागून कुणीतरी म्हणालं, ‘दुधाला सांगा की तेवढं, थांब म्हणावं सकाळपातूर.’

मी गेज लावला. काटा खाली नव्हताच, उलट प्रेशरच्या बाजूला चढत चढत गेला आणि जास्त प्रेशरला मशीन तोडणारा एचपी कट खाडकन् पडला. गॅस कमी असता तर असं झालंच नसतं. म्हणजे बाहेरचा कंडेन्सर उष्णता टाकू शकत नव्हता. मी विचार करतोय तोवर टोपी घातलेला एक म्हातारा पुढं आला, त्यानं कंडेन्सरसमोर पंजा धरला आणि म्हणाला, ‘ह्यो वारं वडतच न्हाई, मेस्त्री. नाक चोंदलंय ह्येचं.’ बॅटरी मारली. पत्त्यांमध्ये कडब्याचं कूस, धूळ आणि कोंबडीची पिसं यांचा थर बसला होता, गादीसारखा. शेजारीच वैरणीची कुट्टी करायचं मशीन होतं, त्याचा भुस्सा महिनोन् महिने तिकडं उडत होता.

ब्रश आणि पाण्याचा पाईप, पाऊण तास. कट रिसेट केला, मशीन लागलं आणि लागलेलं राहिलं. बिल काय लावणार? ‘नाक साफ केल्याबद्दल’? दीड लिटर दूध घेऊन आलो. म्हाताऱ्यानं जाताना विचारलं, ‘तुमी एसीचं पण काम करता व्हय?’ त्यातल्या ‘पण’चा अर्थ मला शिरोली नाक्यापर्यंत लागला नाही.

११. फोनवर कुठं असायचं ते ठरवून ठेव.

चैत्र पौर्णिमेच्या सुमारास ‘चैत्र यात्रेला जोतिबावर आहे, रेंज नाही.’ फुटबॉलचा हंगाम चालू असेल तर ‘शाहू स्टेडियमवर आहे’; पेठेतलं गिऱ्हाईक असेल तर ते उलट स्कोअर विचारतं आणि एसीचं विसरतं. पावसाळ्यात ‘पंचगंगेला पाणी आलंय.’ राजाराम बंधाऱ्याची धोक्याची पातळी ४३ फूट आहे, एवढं पाठ ठेव. कोल्हापूरकर फुटांत बोलतो.

मात्र पाणी खरंच आलं तर हे मार्गदर्शन मिटून ठेव. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१. पाणी उतरल्यावर रस्त्याच्या कडेला ओळीनं फ्रीज उभे होते, दारं उघडी, आत गाळ, एकाच्या भाजीच्या खणात मेलेला मासा. ज्यांचं सगळं वाहून गेलं ती माणसं विचारत होती, ‘हा वाचंल का?’ कॉम्प्रेसरचा गोळा वेल्डिंगनं बंद असतो, त्यात पाणी सहसा शिरत नाही. स्वच्छ पाण्यानं धुऊन, चार-पाच दिवस उन्हात सुकवून, रिले-ओव्हरलोड बदलून, अर्थिंग आणि इन्सुलेशन तपासून त्यातले कितीतरी परत लागले. तेव्हा मी सिलिंडर न्यायचा विसरायचो. तुझी जीभ तिथंही ‘गॅस गेलाय’ म्हणाली, तर तू माझ्या पुढं गेलास. मला तुला शिकवण्यासारखं काही उरलेलं नाही.

१२. पदवीदान.

दोन-तीन उन्हाळे असे काढलेस की एका दुपारी फोन येईल. तू अजून ‘हॅलो’ही म्हणालेला नसशील.

‘मेस्त्री, राजारामपुरीतनं बोलतेय. गॅस गेलाय बघा. येताना घेऊनच या.’

‘काकू, जाळी...’

‘जाळीबिळी काही नाही हो, आवाजावरनंच कळतंय मला.’

‘येतो. तिसरा मजला ना?’

‘तिसराच. आणि जिन्यानं या बरं का, लिफ्ट बंद पडलीय कालपासून.’ मग आवाज जरा खाली येतो. ‘मेस्त्री, तिचा पण गॅस गेला असेल का हो?’